भिंतीतल्या पाइपांचे फोटो

माझी जाऊ टेस्टर अंबाड्यात खोचते. शिडीवर चढताना दोन्ही हात मोकळे लागतात म्हणून, असं ती सांगते. मला मात्र ती आमच्या घरात आल्यापासून वाटत आलं आहे की लोकांनी बघावं म्हणूनच ती तो तिथं खोचते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं तिच्याबद्दल जे येईल ते माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे, आणि तिच्या बाबतीत माझे डोळे कधी स्वच्छ नव्हते.

आम्ही पूर्णेला राहतो. सासरे रेल्वेत गँगमन होते. घर त्यांनीच बांधलेलं, आधी दोन खोल्यांचं, मग जमेल तसं वाढवत नेलेलं. माझं माहेर सेलूजवळच्या एका खेड्यातलं. आईवडील दोघंही दुसऱ्यांच्या रानात कामाला जायचे. सेलूला मावशीकडं राहून मी बारावी झाले, आणि लग्न झालं तेव्हा बी. ए.च्या पहिल्या वर्षाला होते. शिक्षण तिथंच थांबलं असतं. सासऱ्यांनी ते थांबू दिलं नाही. परभणीच्या कॉलेजात त्यांनी माझं नाव घातलं आणि सकाळच्या गाडीला ते स्वतः मला सायकलवरून स्टेशनवर सोडायचे. मी मागं कॅरिअरवर डबा आणि वह्या सांभाळत बसायची. सून सासऱ्याच्या सायकलवर बसून कॉलेजला जाते म्हणून गल्ली हसायची. ते म्हणायचे, "हसू द्या. उद्या अर्ज लिहून घ्यायला हेच येतेत का न्हाई बघा."

आणि आले. माहेर आणि सासर मिळून पहिली पदवी माझी. पुढं बी. एड. झाले, इथल्याच एका शाळेत मराठी शिकवायला लागले. गल्लीतले रेशनकार्डाचे, दाखल्याचे, पेन्शनचे अर्ज माझ्या टेबलावर यायचे. लग्नपत्रिकेचा मजकूरसुद्धा लोक मला दाखवून छापायला द्यायचे. सासरे बाजेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे की सूनबाईच्या हातचा कागद कधी वापस येत नाही. त्या माणसाचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण त्यांनी मला एक सवय लावून ठेवली, की या घरात कौतुक म्हणजे माझं.

ते गेल्यानंतर दोन वर्षांनी धाकट्या दिराचं लग्न झालं. मुलगी पेडगावची. आयटीआयला वायरमनचा कोर्स केलेली, तिच्या तुकडीत एकटी मुलगी. दीर पुण्याला कंपनीत, सणासुदीला येणार. ही इथंच राहिली. पहिले पंधरा दिवस ती भाकरी करत होती, सोळाव्या दिवशी शेजारच्या घरचा पंखा तिनं दुरुस्त केला. मग कुणाची मोटर, कुणाचं मिक्सर, कुणाच्या घरात भिंतीला हात लावला की मुंग्या येतात ते. बायका घरात एकट्या असल्या की परक्या माणसाला आत बोलवायला कचरतात. हिला मात्र थेट चुलीपर्यंत नेतात. वर्षभरात गल्लीतली पोरं तिला वायरमन काकी म्हणायला लागली.

माझ्याकडं अर्ज घेऊन येणारे तोवर कमी झाले होते. चौकात इंटरनेटचं दुकान निघालं होतं, तिथं सगळं छापील मिळायचं. त्यात तिचा काय दोष? पण दाराशी कुणी हाक मारली की मी पेन ठेवून उठायची आणि बाई विचारायची, "वायरमनीन हाय का घरी?" असं चार वेळा झालं की पाचव्यांदा उठावंसं वाटत नाही.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्याकडं तसंच म्हणतात. आत्यांनी दोन सुनांत कधी भेद केला नाही, हे मी शपथेवर सांगेन. तरी ती उन्हातून काम करून आली की आत्या तिच्या पुढ्यात ताकाचा तांब्या ठेवायच्या, आणि मी शाळेतून आले की विचारायच्या, "आलीस का?" मी ताक मागितलं असतं तर दिलंच असतं. मी मागत नव्हते आणि मनात मोजत होते.

घराचा जुना गिलावा पोपडे धरून पडायला लागला तेव्हा आम्ही तो सगळा काढून नवा केला. त्या वेळी वायरिंगही तिनं बदललं. विटांत झिरी पाडून पाइप बसवले, त्यातून वायरी ओढल्या. मेन स्विचच्या शेजारी एक ट्रिपची डबी बसवली. कुठं करंट गळायला लागला की तिचा खटका आपोआप पडतो आणि घरची लाईट बंद होते, म्हणजे माणसाला झटका बसत नाही. आमच्या गल्लीत अशी डबी दुसऱ्या कुणाकडं नव्हती. आणि गिलावा चढायच्या आधी तिनं प्रत्येक भिंतीचे फोटो काढले. पाइपाला मोजायची टेप लावून, विटेवर खडूनं आकडा लिहून. ते घरच्या ग्रुपवर टाकले आणि सगळ्यांना समोर बसवून सांगायला लागली.

"गिलावा झाला की आत काय हाय ते मलाबी सांगता यायचं न्हाई. हे फोटो जपून ठेवा. अन् एक ध्यानात धरा, बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली खिळा मारायचा न्हाई."

आत्या, आमचे हे, शेजारच्या दोघी, सगळे मान डोलवत होते. वर्गात माझं कुणी इतकं मन लावून ऐकत नाही. पेपर तपासायचे राहिलेत असं म्हणून मी आतल्या खोलीत निघून गेले. त्यापुढं ती काय बोलली ते मी ऐकलं नाही. ग्रुपवरचे फोटोही उघडले नाहीत. विटांचे फोटो काय बघायचे, असं स्वतःला सांगितलं.

या वर्षी आमच्या गल्लीतलं बुद्धविहार नव्यानं बांधून झालं. आतलं वायरिंग व्हायचं होतं. ते काम तिला द्यावं असं बचत गटातल्या बायकांचं म्हणणं, आणि बाईमाणसाला एवढं मोठं काम झेपेल का असं कमिटीतल्या काहींचं. तिच्यासाठी ते काम म्हणजे सगळं होतं. पंखे-मोटरी दुरुस्त करणं वेगळं आणि आख्ख्या इमारतीचं वायरिंग करणं वेगळं. ते एकदा केलं की पुढं पूर्णेत तिला कुणी बाईमाणूस म्हणून बाजूला सारणार नव्हतं. कमिटी एका रविवारी, वंदना झाल्यावर, नक्की करणार होती.

त्याच्या आधी विहारात एका कार्यक्रमात तिचा शाल देऊन सत्कार झाला होता. आत्यांनी त्याचा फोटो मढवून आणला आणि बैठकीत लावला. माझा पदवीदानाचा फोटो, काळा झगा घातलेला, सासऱ्यांनी मोठ्या काचेत मढवलेला, पूर्वी त्याच बैठकीत होता. गिलाव्याच्या वेळी उतरवला तो कपाटावर पडून होता. तो परत लावायचं कुणाला सुचलं नाही. कुणी म्हणतं का याची मी वाट बघत राहिले. शेवटी एका शनिवारी शाळा सकाळची होती, आत्या शेजारी गेल्या होत्या आणि जाऊ विहाराच्या सामानाची चौकशी करायला परभणीला गेली होती, तेव्हा मी ठरवलं की आपणच लावावा.

बैठकीच्या आतल्या भिंतीवर एका खिळ्याला कॅलेंडर होतं. जागा चांगली, दारातून शिरताच नजर पडेल अशी. पण तो खिळा एवढी जड काच पेलणार नव्हता. जावेची ड्रिल मशीन तिच्या पेटीत होती. न विचारता काढली. तिला फोन केला असता तर तिनं सांगितलंच असतं, पण मग फोटो तिनं लावला असं झालं असतं.

आधी मी मेन स्विच बंद केला. इतकं मला कळत होतं. मग ड्रिल लावली तर ती चालेना. मेन बंद केल्यावर ती कशी चालणार? कुणी बघितलं नाही ना म्हणून मी दाराकडं बघितलं. मेन चालू केला, मशीन स्वयंपाकघरातल्या प्लगला लावली आणि बैठकीतली सगळी बटनं बंद केली. बटन बंद म्हणजे वायरीत काही नाही, असा माझा समज. शिवाय त्या भिंतीवर वर-खाली कुठंच बोर्ड नव्हता, म्हणजे तिच्याच नियमानं जागा निर्धोक होती.

कॅलेंडर काढून खिळ्याच्या वीतभर खाली मशीनचं बिट टेकवलं. बोटभर आत गेलं, मग काहीतरी मऊ लागलं, चट्ट असा आवाज आला आणि मशीन बंद पडली. माझ्या डोक्यात पहिलं आलं ते हेच, की लाईट गेली. आमच्याकडं लाईट गेली की कुणी कारण शोधत नाही. पण शेजारच्या घरचा पंखा घरघरत होता.

डबीचा खटका खाली पडला होता. वर केला, परत पडला. मशीनची पिन काढून वर केला, तेव्हा राहिला. भोकात डोकावून बघितलं तर खोल काहीतरी राखाडी दिसलं. पाइप. त्या भिंतीत पाइप असायचं काय कारण, ते मला कळेना. मोरीच्या फरशीचं पांढरं सिमेंट उरलेलं होतं. बाटलीच्या झाकणात पाणी घालून कालवलं, भोक बुजवलं, कॅलेंडर जागेवर लावलं, फोटो कपाटावर ठेवला, खाली सांडलेली भुकटी पुसली. मशीन पुसून पेटीत ठेवली, वायरीची घडीसुद्धा तिच्यासारखी घातली.

अर्ध्या तासात खटका परत पडला. संध्याकाळी जाऊ आली, तिनं वर केला, परत पडला. रात्री मात्र तो वर राहिला. सिमेंट वाळलं असणार, पण तेव्हा मला एवढंच कळलं की सुटले.

सोमवारपासून रोजचंच झालं. आत्या मोरीत भांडी घासायला बसल्या की पाचदहा मिनिटांत लाईट बंद. मोरी त्याच भिंतीच्या पाठीमागं आहे. भिंतीवर पाणी उडतं, ओल आत जाते, खटका पडतो. हे माझ्या लक्षात दुसऱ्याच दिवशी आलं, कारण त्या वेळी मी घरात असायची. जाऊ तेव्हा कामावर असायची. ती परत येईस्तोवर भिंत वाळलेली, खटका वर केला की राहायचा. तिनं एकेक बोर्ड उघडला, एकेक वायर सोडवून टेस्टरनं बघितली. उकाड्यात कपाळावरचा घाम दंडाला पुसत ती शिडी इकडून तिकडं नेत होती आणि मी टेबलावर वह्या तपासत होते.

मला बरं वाटत होतं. हे लिहायला जड जातं, पण तसंच होतं. बुधवारी शेजारची बाई ओसरीत येऊन म्हणाली, "वायरमनीच्या घरची लाईट रोज जायलीय म्हणं?" आणि मी म्हटलं, "होय ना, काय झालंय काय माहीत." एवढंच. पण आवाजात जे होतं ते त्या बाईला बरोबर पोचलं. गुरुवारी नळावर तेच बोलणं, आणि ते बोलणं कमिटीपर्यंत गेलं.

गुरुवारी संध्याकाळी ती माझ्या टेबलापाशी आली.

"ताई, कुणी भिंतीत खिळाबिळा मारला का हो?"

"मी नाही बघितलं," मी म्हटलं.

"बैठकीच्या लाइनीतच काहीतरी हाय. एवढं सापडलंय. पण कुठं ते सापडंना. माझा जुना मोबाइल पेडगावला पाण्याच्या टाकीत पडला, फोटो गेले सगळे. पुण्याला ह्यांनी पुसून टाकले, दाजींनी मोबाइल बदलला. तुमच्याकडं असतील बघा, तुमचा जुनाच हाय."

"बघते. बहुतेक नाहीत."

"बघा हां तेवढं," म्हणून ती गेली. माझ्यावर शंका घ्यायचं तिच्या मनातसुद्धा नव्हतं. त्याचाही मला राग आला.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत शाळेत मी ते फोटो पहिल्यांदा उघडले. सगळे होते. लाल विटा, राखाडी पाइप, पिवळी टेप. बैठकीच्या आतल्या भिंतीचा फोटो मोठा करून बघितला. पाइप स्वयंपाकघराच्या बोर्डापासून निघून भिंतीतून आडवा गेलेला, कॅलेंडर असतं त्या उंचीच्या जरा खालून. आणि त्याच्या वरच्या विटेवर खडूनं लिहिलेलं, तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात: ताईचा टेबल.

माझ्या टेबलाशी एक प्लग आहे. त्यावर माझा दिवा चालतो, मोबाइल चार्ज होतो. ती वायर कुठून आली असेल हा विचार मी कधी केला नव्हता. टेबलाच्या वर खिडकी, त्यामुळं सरळ वरून वायर आणता येत नव्हती. म्हणून तिनं आख्खी भिंत आडवी फोडून माझ्यासाठी पाइप आणला होता. बोर्डाच्या वर-खाली नसलेला पाइप घरात तेवढाच. त्या दिवशी मी उठून गेल्यावर तिनं हेच सांगितलं असणार. घरात ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं, आणि ते विसरूनही गेले होते.

घंटा झाली. नववीच्या वर्गात जाऊन मी धडा शिकवला. मन भरून यायला हवं होतं, नाही आलं. चिडच आली, की आता हिचे उपकारही मानायचे. फोटो तिला पाठवायला दोन सेकंद लागले असते. मी पाठवले नाहीत. रविवार दोन दिवसांवर होता.

शनिवारी दुपारी कमिटीचे अध्यक्ष घरी आले. रेल्वेतून रिटायर झालेले, सासऱ्यांच्या बरोबरचे. गल्ली त्यांना काका म्हणते. त्यांच्याबरोबर बचत गटातली एक बाई होती, ती आल्यापासून खाली मान घालून बसली. आत्यांनी पाणी दिलं. काकांनी तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला आणि नेमकी त्याच वेळी लाईट गेली. आत्या नुकत्याच मोरीतून उठून आल्या होत्या.

काका पंख्याकडं बघत म्हणाले, "हे बघ बाळा, तुझ्या हुशारीबद्दल कुणाचं काई म्हणणं न्हाई. पण लोक काय म्हणायलेत, घरची लाईट टिकंना अन् विहाराची काय टिकणार. मलाबी चार जणांना तोंड द्यावं लागतंय."

"काका, वायरिंग खराब न्हाई. भिंतीत कुठंतरी करंट गळायलाय. डबी तिचं काम करायलीय."

"मग काढून टाक की ती डबी," आमचे हे म्हणाले. "आठ दिवस झाले बघतोय. कुणाच्या घरी हाय असली डबी? डायरेक्ट जोड, कटकट मिटली."

"न्हाई जोडणार, दाजी. डबी काढली तर आज खटका पडतोय त्या जागी माणूस पडंल. आत्याच पडतील, सारखा पाण्यात हात त्यांचा."

आत्या म्हणाल्या, "माझी काळजी नगं करू. विहाराचं काम हातचं जायलंय तुझ्या. काढ म्हणतेत तर काढ."

तिनं नुसती मान हलवली. काम गेलं असतं तरी तिनं ती डबी काढली नसती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मी असते तर काढली असती. दहा माणसांत लाज राखायला मी काहीही केलं असतं, केलंच होतं.

"आण मग, मीच काढतो," म्हणत ह्यांनी तिच्या पेटीतला पेचकस उचलला आणि मेन स्विचपाशी स्टूल ओढलं.

मला मोरीतल्या आत्या दिसल्या, ओल्या भिंतीला टेकून उठणाऱ्या. गुडघे दुखतात म्हणून त्या नेहमी त्या भिंतीचाच आधार घेतात. मी उठले आणि कॅलेंडर काढलं.

"खाली उतरा," मी ह्यांना म्हटलं. "हे मी केलंय. मागच्या शनिवारी. ड्रिलनं भोक पाडलं, आत पाइप होता. वरून सिमेंट भरलं."

मग काका सावकाश म्हणाले, "बाई, तुमी तर शिकल्यासवरल्या."

आत्या भिंतीजवळ आल्या. सिमेंटच्या पांढऱ्या टिकलीवर बोट फिरवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "दोन डिग्र्या अन् एक भोक."

बचत गटातली बाई हसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. जाऊ हसली नाही.

"फोटो व्हते तुमच्याकडं?" तिनं विचारलं.

"होते."

"कधी बघितले?"

"काल."

"म्हंजी शुक्रवारी. अन् आज शनिवार." ती बोटांवर मोजत असल्यासारखी थांबली. "मी आज सकाळपस्तोर भिंती ठोकत बसलेय, ताई. मला वाटलं मीच कुठं चुकले. काल रातच्याला झोपले न्हाई मी. मला वाटलं, जिथं जिथं काम केलं तिथं असंच असंल."

हे मी धरलंच नव्हतं. लोक काय म्हणतील एवढंच माझ्या हिशोबात होतं. ती स्वतःच्या हातांवर शंका घेईल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी चुकले असं म्हटलं. ती "हं" म्हणाली आणि पेटीकडं गेली.

"छन्नी तुमी धरा," ती म्हणाली. "भोक तुमी पाडलंय, फोडाबी तुमीच."

तिनं मेन बंद केला, अंबाड्यातला टेस्टर काढून आधी तो दुसऱ्या घरच्या चालू प्लगवर तपासून आणला, मग आमच्या वायरींना लावून बघितला. मी गिलावा फोडला. नवा, चांगला बसलेला गिलावा होता. चार वेळा हातोडी माझ्या अंगठ्यावर बसली, कुणी हळहळलं नाही. पाइपाला बिटाएवढं भोक होतं आणि आतली लाल वायर सोललेली, तांबं उघडं. मला वाटलं आता ती चिकटपट्टी लावेल.

"भिंतीत जोड ठेवायचा न्हाई," ती म्हणाली. "पट्टी आज दिसती, उद्या गळती." तिनं पाइपाचा खराब तुकडा कापून नवा बसवला आणि जुन्या वायरी पूर्ण ओढून काढल्या. नव्या वायरींना पाइपातून ओढायची स्प्रिंग बांधली. मी टेबलाच्या बाजूला बसून ओढायचं, तिनं स्वयंपाकघरातून सोडायचं.

"ओढा." मी ओढलं. "सावकाश. तुमी काय बैल ओढायल्या का?" मी हळू केलं. "आता ओढा की, झोप लागली का?" भिंतीच्या दोन टोकांना आम्ही दोघी, एकमेकींना दिसत नव्हतो, आणि ती मला मनसोक्त बोलून घेत होती. माझ्याशी ती इतकी मोकळी कधी बोलली नव्हती. वायर आली तेव्हा माझ्या तळहातावर लाल रेघ उठली होती.

आत्यांनी मुद्दाम मोरीची भिंत तांब्यातांब्यानं भिजवली. खटका पडला नाही.

काका हे सगळं संपेपर्यंत बसून होते. निघताना मला म्हणाले, "मला खरं काय ते कळलं. पण नळावरच्या बायांना कोण सांगणार? कमिटीत जे नगं म्हणायलेत ते म्हणतील, घरच्या माणसानं सांभाळून घेतलं. तुमी असं करा, हे कागदावर लिहा. काय झालं, कुणी केलं, सही करा. उद्या वंदना झाली की वाचून दाखवू."

"वाचून कोण दाखवणार?" मी विचारलं.

"ज्याचं अक्षर त्यानंच वाचावं."

बऱ्याच दिवसांनी कुणी मला काही लिहायला सांगितलं होतं. नव्या वायरीवर लागलेल्या दिव्याखाली मी लिहायला बसले. पहिला कागद लिहिला तो शब्दांनी भरलेला झाला; त्यात "अनवधानाने" होतं, "गैरसमज" होतं. वाचून बघितला तर चूक नक्की कुणाची ते चौथ्या ओळीपर्यंत कळत नव्हतं. असे अर्ज मी लोकांना खूप लिहून दिले होते. तो फाडला. दुसऱ्यात लिहिलं की मी भोक पाडलं, मी ते लपवलं, फोटो माझ्याजवळ असून मी दिले नाहीत, आणि वायरिंगमध्ये काही दोष नव्हता. का केलं ते मात्र लिहिलं नाही. ते तेव्हा हाताला आलं नाही, आज इथं आलं.

रविवारी विहार भरलेलं होतं. भिंतींना अजून गिलावा नव्हता, झिरी पाडायच्या जागा खडूनं आखलेल्या होत्या, त्या अंदाज काढताना तिनंच आखलेल्या. वंदना झाल्यावर काकांनी मला उभं केलं. मी वर्गात वाचते तशा स्पष्ट आवाजात वाचलं. तिसऱ्या ओळीला मागच्या बायकांत कुजबुज झाली. मान वर करून बघितलं तर कुणी माझ्याकडं बघतच नव्हतं. चूक माझी, कागद माझा, आवाज माझा, आणि सगळी गल्ली तिच्याकडं बघत होती. लाजेनं मरावं अशा त्या वेळेलाही मला ते सलल्याशिवाय राहिलं नाही.

काकांनी विचारलं, "आता कुणाचं काई म्हणणं?" एक माणूस म्हणाला, "डबी काढ म्हणले तरी काढली न्हाई म्हंत्यात." काका म्हणाले, "न्हाई काढली." "मग द्या तिला," तो म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलवल्या.

बाहेर चपला घालताना ती माझ्या शेजारी होती. "अक्षर चांगलं हाय तुमचं," ती म्हणाली. टोमणा होता की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही. मग म्हणाली, "विहारातल्या पाइपांचे फोटो काढले की तुमच्याकडंच ठेवते. ह्या वेळेला उघडून बघा."

सोमवारी सकाळी तिची शिडी विहारात गेली. शाळेत जाताना मी मान वळवून तिकडं बघितलं नाही. परत येताना विहाराच्या दारात थांबले. ती वर भिंतीत झिरी पाडत होती, खाली बायका घोळका करून उभ्या होत्या. मी त्यांच्या मागं थोडा वेळ उभी राहिले.